दर गोणीमागे दोन पै

इगतपुरीला गाडी थांबते तेव्हा तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढून बघता. घाट चढवून आणलेलं विजेचं इंजिन सोडताहेत आणि त्याच्या जागी कोळशाचं जोडताहेत. इथून पुढे धूर आणि थंडी. साल १९३५, डिसेंबर. तुमच्या मांडीवर लाल खारव्यात बांधलेली वही आहे. मुंबईच्या दाणाबंदरावरच्या एका धान्याच्या पेढीवर तुम्ही कारकून आहात. पेढीच्या शेठजींच्या वडिलांनी आपल्या आईच्या नावानं देवळालीला सॅनिटोरियम बांधलंय, आणि त्याचा महिन्याचा हिशेब तपासून आणायचं काम यंदापासून तुमच्याकडे आलंय.

घोटी जाते, अस्वली जाते, लहवित जातं. देवळालीला उतरता तेव्हा फलाटावर गोऱ्या सोल्जरांची रांग बसलेली दिसते. सामानाच्या पेट्यांवर बसून कोणी सिगारेट ओढतोय, कोणी नुसताच रुळांकडे बघतोय. १८६० नंतर ही छावणी वसली ती अशा वाट पाहणाऱ्यांसाठीच. विलायतेहून आलेली पलटण आधी इथं, परत जाणारी पलटणही इथं, जहाज लागेपर्यंत. जहाजं हिवाळ्यातच सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्यानं नोव्हेंबरपर्यंत इथंच बसून राहायचं. उन्हात, तापात, काही काम नसताना. त्यातले काही भ्रमिष्ट झाले, आणि या गावाच्या नावावरून इंग्रजीत वेडाला 'डूलॅली' असा शब्द पडला. त्याच गावची हवा खायला मुंबईहून माणसं येतात आणि अंगावर मूठभर मांस चढवून परत जातात. मला वाटतं, हवेइतकंच ती कोणासोबत आणि कोणत्या छपराखाली घेतली यावरही बरंच असतं.

टांगा लॅम रोडला लागतो. दोन्ही बाजूंना कडुनिंब, त्यांच्या मागे कौलारू बंगले, आणि मधूनमधून लांबच लांब व्हरांड्याच्या इमारती. या सगळ्या सॅनिटोरियम. पारशांची वेगळी, भाटियांची वेगळी, जैनांची, लोहाण्यांची, कच्छींची वेगळी. प्रत्येकीच्या दर्शनी भिंतीवर संगमरवराची पाटी.

तुमच्या सॅनिटोरियमची पाटीही तशीच. टांग्यातून उतरून तुम्ही तिच्यापुढे उभे राहता आणि नकळत बोट फिरवता. अक्षरं कोरून त्यात शिसं ओतलंय. गुजराती आणि इंग्रजीत शेठजींच्या आजीचं नाव, तिची मृत्युतिथी, आणि ही वास्तू ज्ञातीच्या आजारी व अशक्त माणसांसाठी धर्मार्थ बांधल्याचं. एका अक्षरातलं शिसं निघून गेलंय. त्या खाचेत मुंगी शिरते आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडते.

"अरे भाऊ, पाटी काय वाचतोस, चोपडी आण इकडे." व्यवस्थापक काका. पन्नाशीला टेकलेले, डोक्याला काळी टोपी, गळ्याभोवती लोकरी पट्टा. चाळीस वर्षांत त्यांचं मराठी नाशिकचं झालंय, फक्त 'चोपडी' तेवढी राहिलीय.

आत बारा खोल्या आहेत. एकेक खोली, मागे स्वयंपाकघर, पुढे जाळीचा व्हरांडा, त्यात लांब हातांची आरामखुर्ची. कुटुंब मुंबईहून आपली भांडी, आपला स्वयंपाकी, आपले पापड-लोणची घेऊन येतं आणि दीड-दोन महिने राहतं. भाडं नावाला. ट्रस्टच्या पेढीवर अर्ज करायचा, डॉक्टरची चिठ्ठी जोडायची, नंबर लागला की पत्र येतं. चार नंबरात न्यूमोनियातून उठलेली एक सून आहे, तिला गोधडीत गुंडाळून कोवळ्या उन्हात बसवलंय. सातमध्ये एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळी स्वतःचं वजन करून भिंतीवर पेन्सिलीनं लिहितात. ९४ रतल, ९५, ९५, ९६. क्षयावर अजून औषध नाही. कॉखनं जंतू शोधला त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी डॉक्टरांच्या हातात हवा, विश्रांती, दूध आणि अंडी याहून जास्त काही नाही. मुंबईच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सातजण झोपतात. तिथं हवा कुठून आणायची? पैशानं हवा विकत घेता येते ती अशी, गाडीभाडं, जागा आणि रिकामे दोन महिने यांच्या रूपात. ज्याच्याकडे हे तिन्ही नाही त्याला ज्ञातीचा कोणी शेठ ते देतो. यातून माणसं वाचली आहेत. पाटीवरच्या मोठ्या नावामागे भिंतीवरचे ते पेन्सिलीचे आकडे असतात, ते विसरून दानाबद्दल काही बोलू नये असं माझं मत आहे.

दुपारभर तुम्ही हिशेब बघता. रॉकेल. फिनेल. धोब्याचा महिना. झाडूवाल्याचा महिना. विहिरीच्या रहाटाची दोरी. पावसाळ्याआधी कौलं परतल्याची मजुरी. आतून-बाहेरून चुना. बांधायला एकदाच लागले तेवढे पैसे लागले, पण खरं दान हे या पानांवर आहे. शेठजींच्या वडिलांना हे कळत होतं. इमारतीबरोबर त्यांनी सरकारी रोखे ठेवले, त्यांच्या व्याजावर दोरी आणि फिनेल चालतं. व्याज कमी पडतं तेव्हा पेढीच्या धर्मादाय खात्यातून रक्कम येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं की फाटक दिसत नाही. आवाज मात्र येतो. आधी पितळी चरवीचा, मग खोकल्याचा. संसरीहून दूध घालायला येणारी बाई फाटकाबाहेर उभी आहे. रोज ती आत येऊन खोलीखोलीत माप घालते. आज बाहेरच उभी, कारण कडेवर पोर आहे. चारेक वर्षांची मुलगी, आईच्या जुन्या लुगड्याच्या धडुत्यात गुंडाळलेली. खोकल्याची उबळ येते तेव्हा तिचा चेहरा काळानिळा होतो आणि शेवटी श्वास आत घेताना भोंग्यासारखा आवाज निघतो.

"दादा, आज डॉक्टर यायचे ना? हिला जरा दाखवायचं व्हतं. राती झोपू देत न्हाई, झोपत बी न्हाई. भाऊ घोटीला तांदूळ घालायला गेलाय, चार गोण्या. पैसं आलं का देते मी."

डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. त्यांची व्हिजिट ट्रस्ट देतो. तुम्ही काकांकडे बघता. काका टोपी सारखी करतात. "आत नाही घेता येत. ट्रस्टच्या दस्तात लिहिलंय, ज्ञातीसाठी. आणि खोकला आहे, आत चार नंबरची सून आहे." दोन्ही कारणं खरी आहेत. दुसरं तर कोणीही मान्य करावं असं आहे. पण पहिलं कारण त्यांनी आधी सांगितलं, हे तुमच्या लक्षात राहतं.

डॉक्टरांचा टांगा येतो तेव्हा तुम्ही पुढे होता. टांगा फाटकात वळायच्या आत थांबवता आणि त्यांना दोन वाक्यांत सांगता. ते काही न बोलता उतरतात. रस्त्याच्या कडेला छावणीच्या हद्दीचा चुन्यानं रंगवलेला दगड आहे, त्यावर बसतात. आईला समोर उकिडवी बसवतात. नळी कानाला लावायच्या आधी तिचं टोक दोन्ही तळव्यांत धरून गरम करतात. मुलगी त्या नळीकडे बघत राहते आणि खोकायचं विसरते.

"डांग्या खोकला. छाती अजून साफ आहे. ऊबेत ठेव. धुरापाशी चुलीजवळ झोपवू नकोस. आणि दूध दे पोटभर, अंगात ताकद नाही तिच्या."

बाई खाली ठेवलेल्या चरवीकडे बघते. नऊ शेर दूध आहे त्यात. सगळं आत जायचंय, चार नंबरला, सात नंबरला, काकांच्या चहाला. घरी राहतं ते चरवी विसळल्यावरचं पाणी. ती काही बोलत नाही. डॉक्टरही बोलत नाहीत.

आत येऊन तुम्ही वही उघडता. 'डॉक्टर व्हिजिट १, रु. २.' मग थोडं थांबून, 'दूध अर्धा शेर, रोज, एक महिना.' शेवटच्या रकान्यात खोलीचा नंबर लिहायचा असतो. तिथं टाक अडतो. शाईचा थेंब निबावर लोंबतो.

काका मागे येऊन उभे आहेत हे तुम्हाला त्यांच्या श्वासावरून कळतं.

"आठ लिही," ते म्हणतात. "आठ नंबर मार्चपर्यंत रिकामी आहे."

रात्री झोप येत नाही. कपाटात जुन्या वह्या आहेत, कंदील जवळ ओढून तुम्ही शेवटून पहिल्याकडे पानं उलटत जाता. १९२०. १९१०. वाळवीनं कुरतडलेल्या कडा. सगळ्यात तळाच्या वहीचं पहिलं पान उघडता आणि कापराचा उग्र वास येतो. तो वहीचा नसतो.

तुम्ही मांडवीच्या गल्लीत उभे आहात. १८९७ चा जानेवारी. दारांवर लाल रंगानं गोल काढलेत, कुठं एक, कुठं चार. एक गोल म्हणजे एक गेला. सप्टेंबरात याच मांडवीत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. आता लाखो माणसं मुंबई सोडून चाललीत. बोरीबंदरला तिकिटासाठी रेटारेटी आहे. गर्दीत आठ-दहा वर्षांचा एक मुलगा आजीचा हात धरून उभा आहे, गळ्यात कापराची पुरचुंडी. ते काका आहेत. त्यांचे आईवडील मागे गल्लीत राहिले. आजी-नातवाला देवळालीच्या माळावर गवताच्या झापाखाली जागा मिळाली, ज्ञातीतल्या कोणीतरी उभ्या केलेल्या. पेढीच्या शेठजींच्या वडिलांनीही आपली आई त्याच साथीत गमावली. शिशाची अक्षरं तिच्या नावाची आहेत.

त्या वर्षी मुंबईत जातवार प्लेगची इस्पितळं निघाली. सरकारी इस्पितळात नेलं की माणूस परत येत नाही, आपल्या हातचं पाणी मिळत नाही, बायकांना परका हात लागतो ही लोकांची धास्ती. मग ज्ञातीचा शेठ पुढे आला, मांडव घातला, आपले डॉक्टर आणले. जे कुठंच जायला तयार नव्हते ते आपल्या मांडवात गेले. दानाला जातीची कुंपणं का असतात याचं एक उत्तर इथं, या गल्लीत आहे. भीतीच्या वेळी माणूस आपल्या माणसांतच जातो. ज्यांच्यात कोणी शेठ नव्हता त्यांचं काय झालं, हा प्रश्न मात्र त्या लाल गोलांजवळ तसाच उभा आहे.

पान अजून एक उलटतं. १८३४. भुलेश्वरला ओट्यांवर पगड्या आणि टोप्या जमल्यात. दोन वर्षांपूर्वी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला आणि पारशांनी मुंबई बंद पाडली. आता जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं पांजरपोळ उभी राहतेय. खर्च भागवायचा कसा? व्यापाऱ्यांनी आपणहून ठरवलं की कापसावर आणि इतर मालावर दर नगामागे थोडी लाग बसवायची. सौदा झाला की ती आपोआप कापली जाईल.

ही गोष्ट लहान वाटते, पण शंभर वर्षांची देणगी तिच्यावर उभी आहे. जमशेटजी हे नाव घ्या. लहानपणी आईबाप गेलेला मुलगा, चीनच्या व्यापारात मोठा झाला. कापूस आणि अफू. जार्डिनसारख्या इंग्रज पेढ्यांशी भागीदारीत. ज्या अफूनं कँटनच्या गल्ल्यांत माणसं संपवली त्याच पैशातून भायखळ्याला इस्पितळ उभं राहिलं. १८४३ साली पायाभरणी, आज आपण त्याला जेजे म्हणतो. त्यांच्या पत्नी अवाबाईंनी माहीमच्या खाडीवर रस्ता बांधायला १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की सरकारनं त्यावर जकात बसवायची नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. मला ती अट फार मोलाची वाटते. खाडीत होड्या उलटून माणसं बुडत होती. त्यांच्यातला सगळ्यात गरीब माणूस पार जाईल तेव्हाच रस्ता पुरा झाला, हे त्या बाईंना नेमकं समजलं होतं. पै पै करून जकात घेतली असती तर तोच माणूस पुन्हा होडीत बसला असता. अफूचं पाप या पुण्यात धुतलं गेलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही रकमा एकाच वहीत आहेत, जमेला आणि नावे, आणि दोन्ही वाचल्या पाहिजेत.

पुढची नावं भराभर येतात. शेअरबाजाराचे प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला मनोरा दिला, आई राजाबाईंच्या नावानं. गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले, आई नाथीबाईंच्या नावानं. एसएनडीटीतली ती पहिली अक्षरं. नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज १९२४ साली निघालं, त्याला हंसराज प्रागजी ठाकरसींचं नाव. नाशिककर त्याला एचपीटी म्हणतात आणि ही माणसाची आद्याक्षरं आहेत हे विसरून जातात. आयांना शाळा मिळाली नव्हती. लेकांनी त्यांच्या नावानं मुलींना विद्यापीठ दिलं. त्यात मिरवणं होतं का? असेलही. पण मिरवायला माणूस घोडे ठेवतो, बंगला बांधतो. ज्यानं आईच्या नावानं वर्गखोली बांधली त्याच्या मिरवण्यावर मी रुसणार नाही.

कंदील फडफडतो. तुम्ही पुन्हा १९३५ मध्ये, लॅम रोडवर. बाहेर सात नंबरचे गृहस्थ खोकताहेत.

महिन्याअखेर तुम्ही दाणाबंदरला मुनीमजींसमोर बसला आहात. गादी, तक्क्या, समोर उतरतं मेज. मुनीमजी बोटाला थुंकी न लावता पान उलटतात, ही त्यांची ख्याती. बोट सरकत येतं आणि थांबतं.

"आठ नंबर रिकामी लिहिलीय वर. आणि खाली आठ नंबर रोज अर्धा शेर दूध पितेय. भिंती पितात काय?"

तुम्ही खोटं बोलायचं ठरवून आला होता. तोंडातून खरंच निघतं. संसरीची बाई, फाटकाबाहेरचा दगड, डांग्या खोकला. घोटीला गेलेल्या चार गोण्याही.

गोण्या ऐकून मुनीमजी वर बघतात. काही न बोलता मागच्या फळीवरून दुसरी वही काढतात. ती तुम्ही कधी हाताळली नव्हती. वर 'श्री', खाली 'धर्मादाय खातं'. जमेच्या बाजूला ओळीनं घोटी, घोटी, लासलगाव, मालेगाव, घोटी. तांदूळ गोणी अमुक, दर गोणीमागे दोन पै.

"ही रक्कम शेठनी घातली असं वाटतं ना तुला? पाटीवर नाव बघून सगळ्यांना वाटतं." ते एक हिशेबपट्टी काढून तुमच्यासमोर सरकवतात. घोटीच्या आडत्याची. कोणा शेतकऱ्याच्या नावची, खाली निळा अंगठा. मालाची किंमत, त्यातून वजा आडत, वजा हमाली, वजा तोलाई, वजा धर्मादाय. "इमारत शेठच्या वडिलांनी बांधली, ते खरं. पण दोरी, रॉकेल, डॉक्टर... यातलं निम्मं इथून येतं."

तुम्ही त्या निळ्या अंगठ्याकडे बघत राहता. रेषा स्पष्ट उमटल्यात, मधोमध एक आडवी चीर, विळ्याची असावी. दर गोणीमागे दोन पै. त्याला कोणी विचारलं नव्हतं. पट्टी त्याला वाचताही आली नसेल. त्या बाईच्या भावाच्या चार गोण्या या खात्यात असतील, नसतीलही. तिच्या गावच्या, तिच्या माहेरच्या गोण्या तर आहेतच. ती फाटकाबाहेर उभी राहिली त्या इमारतीच्या कंदिलातलं तेल तिच्याच माणसांच्या तांदळाचं होतं.

शेतमालाच्या बाजारातल्या या कापाकापीवर सरकारी शेती आयोगानंही बोट ठेवलं होतं. पण पेढीवर असे अहवाल कोण वाचतो? मुनीमजींनी वाचला नसेल. ते टाक उचलतात, तुमच्या वहीतल्या 'खोली ८' वर एक सरळ रेघ मारतात आणि बाजूला लिहितात, 'धर्मादाय'. मग शाई वाळायची वाट बघतात.

"पुढच्या महिन्यातही घाल," ते म्हणतात. "खोकला तीन महिने चालतो तो."

वहीवर टिपकागद दाबला जातो, उचलला जातो, आणि साल १९५०. मुंबई राज्याचा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आलाय. त्याच्या ५४ व्या कलमात बाजारातला तोच शब्द जसाच्या तसा बसलाय, 'धर्मादा'. व्यापाराच्या रूढीनं धर्मार्थ म्हणून जी रक्कम कापली जाते ती कापणाऱ्याच्या हाती विश्वस्त म्हणून राहील, तिचा हिशेब द्यावा लागेल. मुनीमजींनी एका रेघेनं जे मान्य केलं ते आता कायद्यात आहे. पुढे १९७८ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की धर्मादा ही व्यापाऱ्याची कमाई नव्हे. आपण ज्यांना धर्मादाय आयुक्त म्हणतो त्यांच्या नावातला 'धर्मादाय' उच्चारताना मला नेहमी ती पट्टी आठवते, आडत, हमाली, तोलाईच्या खाली लिहिलेली.

आणि १९३५ आणि १९५० या दोन सालांच्या मध्ये देवळालीच्या बराकींनी आणखी एक वाट पाहणारी पलटण पाहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं. घर, दुकान, वही सगळं मागे टाकून आलेली. त्यांच्यात कराचीचे व्यापारी होते, कालपर्यंत देणारे, आज रेशनच्या रांगेत हात पुढे करणारे. देवळालीच्या बाजारात त्यांची दुकानं पुन्हा उभी राहिली.

आता तुम्ही आजच्या लॅम रोडवर आहात. नाशिक रोडहून रिक्षानं आलात. बिटको चौकातून निघताना रिक्षावाल्यानं 'बिटको, बिटको' अशी हाळी दिली आणि काळ्या दंतमंजनाच्या कारखान्याचं नाव एका चौकाचं, कॉलेजचं, इस्पितळाचं झालं, हे कोणाच्या ध्यानीही नव्हतं. जयरामभाई बिटको यांच्या देणगीतून झालेलं मुक्तिधामही मागे गेलं, मकराण्याच्या संगमरवराचं, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय लिहिलेलं.

लॅम रोडचे कडुनिंब पूर्वीइतके नाहीत. काही सॅनिटोरियम नीट चालतात, सुट्टीत ज्ञातीची माणसं येतात, पोरं व्हरांड्यात पत्ते खेळतात. क्षयाला आता गोळ्या आहेत, हवेसाठी कोणाला चिठ्ठी लागत नाही. काहींची कौलं खाली आलीत. अशा जागांकडे बघणाऱ्यांची नजर जमिनीच्या भावावर असते. ट्रस्टची मिळकत विकायची तर ३६ व्या कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तशा जाहीर नोटिसा वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येतात. त्या वाचत जा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आईच्या नावानं ठेवलेली एकेक जागा त्या बारीक अक्षरांतून निघून जाते, आणि हरकत घ्यायला मुदतीत कोणी येत नाही. त्या जागेत घोटीच्या गोण्यांचेही दोन-दोन पै आहेत, म्हणून हरकत फक्त ज्ञातीनंच घ्यायची असं नाही.

फाटकाचा प्रश्नही कायद्यापर्यंत गेलाय. धर्मादाय इस्पितळांना आता १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दारात तसा फलक लावावा लागतो. नातेवाइकाला घेऊन गेलात तर आधी तो फलक शोधा, आणि खाट मागा. ती मेहरबानी नाही.

देवळालीत एक कॉलेज आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाचं. १९१४ पासून नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढत आलेली ही संस्था. कॉलेजला नाव आहे श्रीमती विमलाबेन खिमजी तेजुकाया यांचं. लालबागचा तेजुकायाचा गणपती ठाऊक असलेल्या मुंबईकराला हे आडनाव ओळखीचं वाटेल. एका कच्छी घरातल्या बाईचं नाव, आणि आत शिकतात ती भगूरची, लहवितची, शिंगवे बहुल्याची, संसरीची मुलं.

तुम्ही सकाळी तिथं उभे आहात. धुकं आहे, १९३५ च्या डिसेंबरात होतं तसंच. रिक्षातून पाच-सहा मुली उतरतात. एकीनं ओळखपत्र गळ्यात घालायचं राहिलंय, पिशवीत शोधते आहे. दुसऱ्या हातात चहाच्या टपरीवरून घेतलेलं दुधाचं पाकीट, परत जाताना घरी न्यायचं असावं. तुम्ही विचारता, "बाळ, या विमलाबेन कोण होत्या?"

ती क्षणभर थांबते. ओळखपत्र सापडतं, त्यावरचं नाव ती पहिल्यांदाच वाचावं तसं वाचते.

"आमच्या कॉलेजचं नाव आहे ते, काका." आणि मग, जरा विचार करून, "आजी असेल ना कोणाची तरी."

घंटा होते. ती दुधाचं पाकीट पिशवीत कोंबते आणि मैत्रिणींच्या मागे पळत फाटकातून आत जाते.